प्लगचं पथ्य

पेट्रोल पंपाच्या मागच्या मोकळ्या जागेत पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्या बाहेर रस्त्यावर वाकड्यातिकड्या उभ्या, आणि त्यांचे मालक आत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माना उंचावून बसलेले. उशिरा आलेले जुन्या टायरांच्या चळतीवर चढून बसले होते. समोर टेबल, टेबलावर काचेची पेटी आणि पेटीत दोन स्पार्क प्लग. एखाद्या स्पर्धेतले पहिलवान उभे असावेत तसे ते शेजारी शेजारी उभे होते, आणि लोक त्यांच्याकडे तितक्याच आदराने बघत होते.

निळा कोट घातलेल्या माणसाने बटण दाबलं. डावीकडच्या प्लगच्या टोकाला एक मरतुकडी पिवळी ठिणगी लुकलुकली. त्याने दुसरं बटण दाबलं. उजवीकडच्या प्लगमधून निळीजांभळी ठिणगी अशी कडाडून निघाली, की पहिल्या रांगेतल्या दोघांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

"हा तुमचा प्लग," तो माणूस डावीकडे बोट दाखवून खेदाने म्हणाला. मग उजवीकडे वळून त्याने आवाज खाली आणला. "आणि हा सिद्ध प्लग. मित्रहो, इंधन म्हणजे काय? इंधन म्हणजे झोपलेली ऊर्जा. तुमचा प्लग तिला ढोसून उठवतो. माझा प्लग तिला नावाने हाक मारतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पेट्रोलचं नाव काय ठेवलंय यांनी?" शेवटच्या रांगेतून एका बाईने विचारलं. शेजारच्याने तिला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.

ही बाई म्हणजे क्लचबाई. खरं नाव फक्त लायसन्सवर उरलेलं. शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी तिने शिकवली होती, आणि शिकवताना ती दर वळणावर "क्लच, क्लच, अहो क्लच" एवढं एकच बोलते असं शिकणाऱ्यांचं म्हणणं होतं. तिची एक छोटी गाडी होती. शिकणाऱ्याच्या पायाखाली जसे ब्रेक आणि क्लच, तसेच आणखी एक ब्रेक आणि एक क्लच शेजारच्या सीटपुढे, तिच्या पायाशी. ही जोडणी तिच्या मोठ्या भावाने, दादाने करून दिलेली. त्याचं गॅरेज आणि तिचा ड्रायव्हिंग क्लास एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. रोज सकाळी एखादा घाबरलेला अनोळखी माणूस स्टिअरिंगला घोरपडीसारखा चिकटायचा, समोरून ट्रक यायचा, आणि क्लचबाईचा पाय त्या जादा ब्रेकवर जायचा. तो ब्रेक लागेल याची तिला खात्री असायची, कारण दादा म्हणालेला असायचा, "बघितलाय." तिने स्वतः खाली वाकून कधी बघितलं नव्हतं. दादा म्हणाला म्हणजे झालं.

आणि आज दादा पहिल्या रांगेत बसला होता. म्हणून तर ती आली होती.

निळ्या कोटवाल्याला लोक ठिणगीसर म्हणायला लागले होते. त्याच्या चार सिद्ध प्लगांचा संच लाल मखमली पिशवीत मिळायचा. पिशवीच्या तोंडाला दोरा, दोऱ्यावर लाखेचं सील. प्लग कुठल्याही गॅरेजात बसवून घ्या, छोट्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढलंच म्हणून समजा. फक्त एक अट होती.

"पथ्य," ठिणगीसर म्हणाले. "औषध घेता, पथ्य पाळता की नाही? सिद्ध प्लग संवेदनशील असतो. त्याला दचकवायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असा ठेवा, की पायाखाली मांजर झोपलंय. वेग पन्नासच्या वर नेऊ नका. एसी लावू नका, त्याला गारवा सोसत नाही. दर शनिवारी चाकांत हवा भरा, म्हणजे स्पंदनं जमिनीत जिरणार नाहीत. डिकी रिकामी ठेवा, ओझ्याखाली प्लग कोमेजतो. सिग्नल मोठा असेल तर इंजिन बंद करा, त्याला विश्रांती मिळते. पथ्य मोडलं तर प्लग रुसतो. मग माझ्याकडे यायचं नाही."

लोक मोबाइलवर टिपून घेत होते. क्लचबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हा तर तिचा पहिल्या दिवसाचा धडा होता. रेस देऊ नका, उगाच पळवू नका, हवा तपासा, डिकीत अडगळ घेऊन हिंडू नका. समोर बसलेल्यांतल्या कितीजणांना तिने हे घसा सुकेपर्यंत सांगितलं होतं, आणि पालथ्या घड्यावर पाणी पडलं होतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. तिने सांगितलं तेव्हा ती कटकट होती. लाल पिशवीत घालून कुणी विकलं तर ते पथ्य झालं.

सभा संपल्यावर तिने दादाला गाठलं. "तू इथे काय करतोयस?"

"बघायला आलो."

"आणि काय दिसलं?"

"गर्दी दिसली," दादा म्हणाला आणि स्कूटरला किक मारून निघून गेला.

*

पुढचे काही आठवडे क्लचबाईच्या संयमाची परीक्षा होती, आणि तिच्यात ती रोज नापास होत होती. शहरातल्या गाड्या वरातीतून निघाल्यासारख्या हळू चालायला लागल्या. उन्हात काचा खाली करून लोक घामाने निथळत बसलेले, पण चेहऱ्यावर समाधान. शनिवारी हवा भरायला रांगा. आणि अ‍ॅव्हरेज खरोखरच वाढलं होतं. का नाही वाढणार? तिचे जुने विद्यार्थी रस्त्यात थांबवून तिला सांगायचे, "बाई, काय प्लग आहे."

"अहो, तुम्ही हळू चालवताय म्हणून वाढलंय."

"हळू का चालवतोय? प्लगमुळेच ना?"

ज्यांचं वाढलं नाही ते तर आणखी वैताग आणायचे. "एकदा घाईत एसी लावला गेला बाई. चूक माझीच." म्हणजे अ‍ॅव्हरेज वाढलं तर मोठेपणा प्लगला, आणि नाही वाढलं तर दोष गिऱ्हाइकाला. असा धंदा आपल्याला का सुचला नाही, असं तिला संतापाच्या भरात वाटून गेलं.

या सगळ्यात पिचला दादा. लोक त्याच्या टेबलावर लाल पिशवी आपटायचे आणि वर ऐकवायचे, "इतकी वर्षं साधे प्लग बसवून बुडवलंस आम्हाला." दादा मान खाली घालून प्लग बसवून द्यायचा. मग एके दिवशी ठिणगीसर स्वतः गॅरेजात आले. दादाच्या गॅरेजला शहरातलं अधिकृत सिद्ध प्लग केंद्र करायचं ठरलं. येत्या रविवारच्या सभेत जाहीर व्हायचं होतं. दादाने फक्त मंचावर उभं राहून एवढं सांगायचं, की मी जन्मभर साधे प्लग बसवले आणि ते कुचकामी आहेत.

"आणि तू सांगणार?" क्लचबाईने विचारलं.

"नाही सांगितलं तर केंद्र समोरच्या गल्लीत जाईल. गिऱ्हाईक पण जाईल."

"पण ते खरं आहे का?"

"खरं-खोटं तुझ्या क्लासात शिकव," दादा म्हणाला.

त्याच आठवड्यात ती काकांना रिव्हर्स शिकवायला गेली. काका म्हणजे एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढलेल्या, त्यामुळे स्वतःची चूक असू शकते यावर विश्वास कमी. पुतण्याची जुनी छोटी गाडी घेतली होती आणि साठी उलटल्यावर लायसन्स काढलं होतं. पुढे चालवायचे झकास, मागे घ्यायची म्हटली की घाम फुटायचा. ठिणगीसरांचे ते सर्वांत मोठे भक्त. त्यांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज अठराचं बावीस झालं होतं, आणि रविवारी मंचावरून ते ही गोष्ट सांगणार होते.

सराव संपला. रिव्हर्ससाठी रस्त्यावर मांडलेले प्लास्टिकचे शंकू गोळा करून ठेवायला तिने काकांची डिकी उघडली. पथ्याप्रमाणे डिकी स्वच्छ, रिकामी. स्टेपनीच्या खोबणीत मात्र काहीतरी लाल दिसत होतं. तिने ओढून काढलं. मखमली पिशवी. दोरा बांधलेला, लाखेचं सील जसंच्या तसं, आत चार प्लग हाताला लागत होते.

"काका, सिद्ध प्लग बसवून किती दिवस झाले हो?" तिने जागेवरूनच विचारलं.

"झाला की महिना. तुमच्या दादांनीच टाकले."

पुढे इंजिन खडखडत होतं, आणि तो खडखडाट तिने त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. गाडी डिझेलची होती. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि डिझेल त्या उष्णतेनेच पेट घेतं. तिथे ठिणगी लागत नाही, ठिणगीचा प्लगही नसतो. इतके दिवस आपण या गाडीत बसतोय आणि डोक्यात प्रकाश पडला नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. पण तो राग फार टिकला नाही, कारण दुसऱ्या माणसाचा त्याहून मोठा राग येऊन बसला.

पिशवी होती तिथेच ठेवून ती थेट गॅरेजात गेली. दादा एका गाडीखाली आडवा होता. फक्त पाय दिसत होते.

"दादा, काकांच्या गाडीत प्लग टाकलेस?"

"टाकले."

"कुठे टाकलेस?"

पान्याचा आवाज थांबला. मग खालून उत्तर आलं, "डिकीत."

"बाहेर ये."

दादा सरपटत बाहेर आला आणि हात पुसत बसून राहिला. "मी सांगितलं होतं त्यांना. काका, डिझेलला हा प्लग नसतो. तर म्हणाले, सर म्हणतात प्रत्येक इंजिनाला असतो, तुला सापडत नसेल तर दुसरीकडे जातो. पुन्हा सांगायला गेलो तर उठून उभेच राहिले. मग म्हटलं, ठेवून जा. संध्याकाळी आले आणि विचारलं, टाकले का? मी म्हटलं, टाकले. यात खोटं काय बोललो मी?"

"नाही, शब्दात काहीच खोटं नाही." तिचा आवाज चढला. "आता मला एक सांग. उद्या मी विचारलं, दादा, ब्रेक ऑइल टाकलंस का? आणि तू म्हणालास, टाकलं. तर मी काय समजायचं? कुठे टाकलं? गटारात?"

दादाचा चेहरा उतरला. "ब्रेकच्या बाबतीत मी कधी तसं करीन का?"

"प्लगच्या बाबतीत करशील असं तरी कुठे वाटलं होतं मला? रविवारी तू मंचावर उभा राहून साधे प्लग कुचकामी म्हणणार. लोक मान डोलावणार. आणि सोमवारी मी तुझ्या शब्दावर त्या गाडीत एखाद्या पोरीला बसवून ट्रकासमोर नेणार. कशी नेऊ सांग."

दादाने पाना उचलला. परत गाडीखाली गेला. क्लचबाई तिथेच उभी राहिली आणि तिला रडू आलं, आणि रडू आल्याबद्दल आणखी वैताग आला.

काकांना चारचौघांत तोंडावर पाडणं बरं नाही, म्हणून शनिवारी तिने त्यांना फोन केला. "काका, तुमची गाडी डिझेलची आहे ना? तिला स्पार्क प्लग नसतो हो."

"बाई," काका शांतपणे म्हणाले, "सरांनी आधीच बजावलंय, लोक मत्सराने काहीबाही सांगतील म्हणून. तुम्ही सांगाल असं मात्र वाटलं नव्हतं." आणि फोन ठेवला.

*

रविवारी गर्दी दुप्पट. काचेची पेटी, पिवळी ठिणगी, निळी ठिणगी, झोपलेली ऊर्जा, सगळं यथासांग झालं. मग काकांना बोलावलं. काकांनी चष्मा पुसला आणि अर्ज वाचून दाखवावा तसं ठासून सांगितलं, की सिद्ध प्लग बसवल्यापासून आपल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज अठराचं बावीस झालेलं आहे. टाळ्या पडल्या. मंचाच्या कडेला दादा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. त्याची पाळी त्यानंतर होती.

क्लचबाई उठली. "सर, काकांची गाडी बाहेरच उभी आहे. बॉनेट उघडून तुमचे प्लग दाखवूया की सगळ्यांना. नवीन लोकांनाही कळेल कुठे बसतात ते."

ठिणगीसरांना गाडी डिझेलची आहे हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी पिशवी विकली होती, गाडी बघितली नव्हती. "अवश्य, ताई," ते हसून म्हणाले. "सत्याला बॉनेट उघडायची भीती नसते."

सगळी सभा रस्त्यावर लोटली. काकांनी ऐटीत बॉनेट वर केलं. ठिणगीसर आत वाकले. हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, पण डोळे इंजिनावरून इकडे-तिकडे फिरले, परत फिरले, आणि मग मान अगदी सावकाश वर आली.

"ही डिझेल आहे," ते पुटपुटले.

"डिझेललाही प्लग असतो की," मागून कुणीतरी म्हणालं.

"तो हीटर, सकाळी गाडी चालू व्हायला," क्लचबाई म्हणाली. "ठिणगी नाही पाडत. आणि तो कंपनीचा जुनाच आहे." तिने डिकी उघडली आणि लाल पिशवी वर धरली. सील सगळ्यांना दिसलं. काकांचा चष्मा नाकावर घसरला होता आणि ते तो वर करायचं विसरले होते. तिला त्यांच्याकडे बघवेना. ती भावाकडे वळली.

"दादा, तू म्हणालास, टाकले. कुठे टाकलेस?"

"नीट विचार करून बोला बरं का," ठिणगीसर मध्ये पडले. "तुम्ही आमचे होणारे केंद्रचालक आहात. पिशवी दुसरी असू शकते. घाईत माणूस विसरतो."

वाट अगदी मोकळी करून दिलेली होती. हो, दुसरी असेल, एवढं म्हणायचा अवकाश. क्लचबाईला वाटलं, म्हणाला तर संपलं. उद्यापासून दुसरा गॅरेजवाला शोधायचा, आणि भाऊ मात्र दुसरा मिळणार नाही.

"डिकीत टाकले," दादा म्हणाला. मागच्यांना ऐकू जावं म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "हीच ती पिशवी. या गाडीत प्लग बसायला जागाच नाही. मी काकांना धड सांगायला पाहिजे होतं. टाकले म्हटलं आणि मोकळा झालो. काका, चुकलं माझं."

आता लोकांचे डोळे उघडणार असं कुणालाही वाटलं असतं. क्लचबाईलाही वाटलं. पण ठिणगीसर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी एक खोल श्वास घेतला आणि दोन्ही हात वर केले.

"पाहिलंत? मित्रहो, पाहिलंत? न बसवता. नुसता डिकीत, सीलबंद. तरीही अठराचे बावीस. मला स्वतःला माझ्या प्लगची ही शक्ती माहीत नव्हती."

आणि टाळ्या पडल्या. पहिल्या सभेपेक्षा जोरात. एक गृहस्थ हात वर करून विचारू लागले, "मग डिकीतच ठेवला तर चालेल का सर? बसवायची मजुरी वाचेल." दुसऱ्याला शंका आली, की दोन पिशव्या ठेवल्या तर अ‍ॅव्हरेज दुप्पट वाढेल का. आणि ठिणगीसर म्हणत होते, श्रद्धा असेल तर वाढेल.

क्लचबाईचं डोकं फिरलं. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंत लांब होती. ती रस्त्याकडेच्या टायरांच्या चळतीवर चढली आणि जो आवाज ती फक्त चौकात, लाल सिग्नल तोडणाऱ्या शिकाऊ ड्रायव्हरवर काढायची तो तिने काढला.

"गप्प बसा सगळे. काका, महिनाभर गाडी कशी चालवलीत ते सांगा."

हेडक्लार्कला विचारलं की हेडक्लार्क उत्तर देतो. "पन्नासच्या आत. एसी बंद. दर शनिवारी हवा. डिकी रिकामी."

"आणि त्याच्या आधी?"

काका अडखळले. "आधी एसी असायचा. डिकीत पुतण्याची बॅटरी आणि दोन जुनी कपाटाची दारं होती. हवा... हवा बहुधा मागच्या वर्षी भरली होती."

"ऐकलंत? प्लग डिकीत झोपला होता. काम केलं ते हवेने, आणि दारं काढली त्याने, आणि काकांच्या पायाने. तुमच्या सगळ्यांच्या गाड्यांत हेच झालंय. एखाद्याचा जुना प्लग काजळी धरून पार जळून गेला असेल, त्याला कुठलाही नवा प्लग घातला असता तरी थोडा फरक पडला असता. गाडीला जो प्लग कंपनीने सांगितलाय तो पुरतो. त्याहून भारी ठिणगी घेऊन काय करणार? गॅस काडीने पेटवला काय आणि मशालीने पेटवला काय, दूध तेवढ्याच वेळात उतू जातं. म्हणून सांगते, पथ्य ठेवा आणि प्लग टाका."

"कुठे टाकायचा?" एकाने गंभीरपणे विचारलं. "इंजिनात की डिकीत?"

"कचऱ्यात टाका हो, कचऱ्यात," ती ओरडली. कुणीतरी हसलं, आणि ते हसणं थोडं पसरलं. पण टायरांच्या मागून एक बाई म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. पण निळी ठिणगी आम्ही डोळ्यांनी पाहिली त्याचं काय?"

क्लचबाई दादाकडे वळली. दादा मात्र आत गेला होता. तो काचेची पेटी बॅटरीसकट उचलूनच बाहेर आला आणि त्याने ती काकांच्या गाडीच्या टपावर ठेवली. ठिणगीसर धावले. "हात लावू नका, यंत्र नाजूक आहे, मी जबाबदार नाही." पंपाचा मालक मध्ये उभा राहिला. त्यानेही चार पिशव्या घेतल्या होत्या. "बघू द्या की सर," तो म्हणाला. "सत्याला भीती नसते ना?"

दादाने पेटीचं झाकण काढलं, दोन्ही प्लग सोडवले आणि जागा बदलल्या. सिद्ध प्लग डावीकडे, साधा उजवीकडे. डावं बटण दाबलं. सिद्ध प्लगच्या टोकाला मरतुकडी पिवळी ठिणगी लुकलुकली. उजवं दाबलं. साध्या प्लगमधून निळीजांभळी ठिणगी कडाडली.

"प्लग सारखेच आहेत," दादा म्हणाला. "डाव्या वायरीत वीज कमी येते, उजवीत जास्त. पहिल्या दिवशीच मला शंका आली होती. पण गर्दी बघितली आणि गप्प बसलो." त्याने पेटी लोकांकडे ढकलली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही बदलून बघा."

तीन-चार जणांनी बदलून बघितलं. एकाने तर गाडीत ठेवलेला आपला जुना प्लग आणून दोन्हीकडे साधेच प्लग लावले, आणि तरी एक पिवळी, एक निळी.

काका इतका वेळ आपल्या गाडीला टेकून उभे होते. सगळ्यांसमोर वेड्यात निघालेला माणूस जसा दिसतो तसे दिसत होते. अखेर त्यांनी चष्मा वर केला. "बाई, म्हणजे हे बावीस प्लगचं नव्हतं?"

"नाही काका."

"मग कुणाचं होतं?"

"तुमचं. दुसऱ्या कुणाचं असणार? महिनाभर इतक्या शिस्तीत गाडी चालवणारा माणूस मला या शहरात दुसरा माहीत नाही."

काकांनी हे नीट पडताळून पाहिलं. मग ते ठिणगीसरांकडे वळले आणि आयुष्यभर कचेरीत वापरलेल्या आवाजात म्हणाले, "माझं अ‍ॅव्हरेज तुम्ही तुमच्या नावावर मांडत होता. ते परत करा." आणि काय गंमत, जे डिझेलच्या इंजिनाने झालं नाही, उलट्या ठिणगीने झालं नाही, ते या वाक्याने झालं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आपण उन्हात घाम गाळला, आपण पाय आवरला, आपण शनिवारी रांगेत उभे राहिलो, आणि मोठेपणा मात्र चार प्लगांनी लाटला, हे त्यांना झोंबलं. ठिणगीसर पेटी तिथेच सोडून निघाले तेव्हा त्यांच्या मागे पिशव्या हातात घेऊन बरेच लोक निघाले होते.

*

गोष्ट इथे संपवली तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण ते खरं होणार नाही. निम्म्या लोकांच्या डिकीत ती पिशवी अजून आहे. "असू द्या की बाई, काय खायला मागतेय?" असं ते म्हणतात. काहींनी प्लग फेकले आणि त्यांच्यासोबत पथ्यही फेकलं, आता पुन्हा एसी लावून सुसाट जातात आणि अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून कंपनीला शिव्या घालतात. ठिणगीसर दुसऱ्या शहरात प्लगच विकतात की आणखी काही, कुणास ठाऊक. दादाची गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. ज्याने आपल्याला फसताना बघितलं त्याचं तोंड लोकांना बघवत नाही. क्लचबाईला या सगळ्याचा वैताग येतो, आणि तो यायलाच पाहिजे. पण वैतागून गप्प बसणं म्हणजे त्या निळ्या कोटाला मंच मोकळा करून देणं.

म्हणून एवढंच सांगायचं. कुणी चमत्काराची वस्तू दिली आणि सोबत पथ्य दिलं, तर वस्तू बाजूला ठेवून नुसतं पथ्य पाळून बघा. गुण आला तर तो कुणाचा ते कळेल. दोन गोष्टींची तुलना कुणी करून दाखवली, तर त्यांच्या जागा बदलून बघा. आणि सांगणारा म्हणाला की शंका घेतलीत तर गुण येणार नाही, तर तिथून चप्पल घालून निघा. हे करायला शिकलेलं असावं लागत नाही, हुशारही असावं लागत नाही. गर्दी टाळ्या वाजवत असताना हात वर करून विचारायची तेवढी तयारी लागते.

सोमवारी सकाळी क्लचबाईची शिकाऊ पोरगी वेळेवर आली. दादा गाडीपाशीच होता, हात ऑइलने काळे.

"ब्रेक बघितलाय," तो म्हणाला. क्लचबाईने मान डोलावली आणि सवयीने दार उघडलं, तर त्याने दार धरून ठेवलं.

"आत बसू नकोस. आधी खाली वाक आणि स्वतः बघ," दादा म्हणाला. "आणि या पोरीलाही शिकव कसा बघायचा ते."